अकरा, सगळे हजर

हे खरं घडलेलं आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण शेवटापर्यंत पोचल्यावर ते सांगायची हिंमत माझ्यात उरत नाही.

ज्यांना अशा गोष्टीत काळीकुट्ट रात्र आणि कुत्र्याचं रडणं हवं असतं, त्यांची निराशा होणार आहे. यातलं सगळं लख्ख उजेडात घडलं.

वार गुरुवार. दुपारचे साडेतीन-पावणेचार. तिसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. हॉलमध्ये एक सोफा, एक टीव्ही, आणि खिडकीसमोरच्या भिंतीला लागून चार फुटी फिशटँक.

घर माझ्या मावसबहिणीचं. मी तिला ताई म्हणते. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांची रक्तं काढायची, ट्यूबवर लेबलं चिकटवायची, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. तिचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. डोळ्यांना दिसलं आणि कागदावर उतरलं तेवढंच खरं, असा तिचा खाक्या. आमच्या घरात कुणी नुसतं स्वप्न सांगायला लागलं तरी ही म्हणायची, "रात्री जेवण जड झालं असेल."

घरात माणसं तीन. ताई, भावोजी आणि ताईचे सासरे. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवत असतात, त्यामुळे स्वतःच्या घरी कधी पोचतील याचा नेम नसतो.

सासऱ्यांना सगळेच बाबा म्हणायचे. ते बस डेपोत टाइमकीपर होते. चौतीस वर्षं गाड्या मोजल्या. कुठली आली, कुठली गेली, कुठली अजून यायची आहे. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. जेवायला बसले की ताटं मोजायचे, गच्चीवर गेले की कबुतरं मोजायचे.

टँक होता सासूबाईंचा. माशांवर त्यांचा भारी जीव. एक नॅपकिन त्यांनी टँकशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलेला असायचा. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून झाडं सारखी करायची, खडी सपाट करायची आणि मग हात त्या नॅपकिनला पुसायचा. मासे अकरा. तीन एंजल, चार गोरामी, चार मॉली. एका एंजलचा खालचा पर जन्मापासून वाकडा होता. तिचं नाव लंगडी. ती त्यांच्या बोटामागे काचेवरून फिरायची.

सासूबाई अचानक गेल्या. सकाळी भाजी निवडत होत्या, दुपारी नव्हत्या.

त्यानंतर बाबा खचले. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे. मग एका संध्याकाळी सहा वाजता उठले, टँकसमोर उभे राहिले आणि मोठ्याने मोजायला लागले. अकरापर्यंत गेले. म्हणाले, "अकरा. सगळे हजर." चिमूटभर खाणं टाकलं आणि ताईला म्हणाले, "मलाही वाढ थोडं."

त्या दिवसापासून हा नेमच झाला. संध्याकाळी सहाला हजेरी, मग जेवण. ताईच्या चहाला नावं ठेवणंही परत सुरू झालं. "चहा आहे की सॅम्पल? रिपोर्ट कधी मिळेल?" असं म्हणून स्वतःच हसायचे. ताईला वाटलं, चला, माणूस वाचला.

दीड महिन्याने लंगडी आजारी पडली.

आधी तिने खाणं सोडलं. मग डाव्या कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून. तोंड वर, शेपूट खाली, जागच्या जागी. अंगावर ठिपका नाही, सूज नाही, पर झडलेले नाहीत. दोन दिवस तशीच... तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर आडवी तरंगत होती.

त्या संध्याकाळी बाबा दहावर थांबले. पुन्हा मोजलं. पुन्हा दहा. आतल्या खोलीत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी छातीत कळ आली म्हणून उचलून हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय फार कमकुवत झालंय. आता यांना कुठलाही धक्का सोसणार नाही."

ताईने हे ऐकलं आणि मनाशी एक ठरवून टाकलं. बाबा घरी यायच्या आत तिने दुकानातून लंगडीसारखी दिसणारी एक एंजल आणली. पर वाकडा नव्हता, पण बाबांची नजर आता अधू होती. त्यांना अकराच दिसायला हवे होते.

बाबा आले. मोजलं. "अकरा. सगळे हजर. बरी झाली वाटतं."

"बरी झाली," ताई म्हणाली.

इथेच तिची चूक झाली. नवा मासा आणला की तो निदान पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवायचा असतो. त्याच्याबरोबर काही आजार आला असेल तर तो बाकीच्यांना लागू नये म्हणून. ताईला हे पक्कं माहीत होतं. लॅबमध्ये कुणी हातमोजे न बदलता दुसरी ट्यूब उचलली तर ही त्याला फाडून खायची. पण पंधरा दिवस टँकमध्ये दहाच दिसले असते. तिने मासा तसाच सोडला.

मग एकामागून एक सुरू झालं.

एक गोरामी. एक मॉली. पुन्हा एक गोरामी. पुन्हा एक मॉली. आठ-दहा दिवसांनी एक. दर वेळी तेच... खाणं बंद, डावा कोपरा, भिंतीकडे तोंड.

ताई हात धुऊन मागे लागली. रोज पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान जसं हवं तसं. मीठ घालून झालं, निळं औषध घालून झालं, निम्मं पाणी बदलून झालं. मेलेला प्रत्येक मासा ती डब्याच्या पिशवीत लपवून लॅबला न्यायची. कल्ले खरवडून काचपट्टीवर घ्यायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. काहीच नाही. एक जंतू नाही, एक किडा नाही. मग मासा कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, टेप लावून, वर नंबर आणि तारीख टाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायची. एक ते पाच; लंगडी एक नंबर. काचपट्ट्यांना लावायच्या रंगांच्या बाटल्यांमागे, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

दुकानदाराला मासेवाला म्हटलेलं खपत नसे. "मी मासे विकत नाही, पाळायला देतो," असं तो गिऱ्हाइकाला सुनवायचा. पाचव्या वेळी ताई गेली तेव्हा त्याने हातातली जाळी खाली ठेवली. म्हणाला, "ताई, तुमच्याकडे मासे मरायला पाठवतोय असं वाटायला लागलंय मला. नवे वेगळे ठेवता ना?"

ताई पर्समधून पैसे काढायला लागली.

"मग आजार तुम्हीच नेताय की घरी."

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. पहिली गेली ती गेली, पण बाकीच्या चौघांना आपणच मारलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. पण थांबणार कशी? संध्याकाळी सहाला बाबा मोजणार होते. दहा भरले तर काय होईल ते तिने एकदा बघितलं होतं.

सहाव्या वेळी जी आजारी पडली, ती तिने लंगडीच्या जागी आणलेली एंजल होती.

सकाळी सहाला ताई उठली तेव्हा ती मेलेली होती. बाबा अजून झोपले होते. ताईने जाळीने तिला काढलं, डब्याच्या पिशवीत टाकलं आणि लॅबला गेली. बाटली नंबर सहा.

त्या दिवशी लॅबमध्ये सॅम्पलांचा ढीग होता. लवकर निघता येईना. दुपारी तीनला तिने घरी फोन केला, यायला उशीर होईल म्हणून सांगायला. बाबांनी आतल्या खोलीतून फोन उचलला. आवाज झोपाळलेला.

"ये सावकाश. मी पडलोय."

आणि फोनमध्ये, बाबांच्या मागून कुठून तरी... काच सरकल्याचा आवाज आला.

टँकचं झाकण. काचेवर काच घासत जाते तो आवाज. ताईने तो हजारदा ऐकलेला होता.

"बाबा, हॉलमध्ये कोण आहे?"

"कोण असणार? फिल्टर वाजत असेल."

फिल्टर तसा वाजत नाही. पण समोर ट्यूबांची रांग लागलेली होती. तिने फोन ठेवला.

घरी पोचायला सहा वाजायला दोन मिनिटं होती. ती जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढली. पिशवीत नव्या एंजलची पाण्याने भरलेली थैली. दार उघडलं तर बाबा टँकसमोर उभे. मोजणं सुरू झालेलं.

"...आठ... नऊ... दहा..."

ती दारातच थिजली.

"...अकरा. सगळे हजर."

बाबा हसून वळले. "आज धापा का टाकतेस? लिफ्टवाल्याच्या बायकोने जिने चढायचे म्हणजे कमाल आहे."

ताईला वाटलं, बाबांचं मोजणं चुकलं. कधी नव्हे ते चुकलं, देव पावला. ते आत गेल्यावर तिने स्वतः मोजलं.

अकरा.

पिशवीतली थैली अजून तिच्या हातात होती.

ती वाकून बघायला लागली. मॉली चार. गोरामी चार. एंजल तीन... तिसरी एंजल काचेच्या अगदी जवळ होती, तिच्याकडे तोंड करून. खालचा पर वाकडा.

शेजारी खिळ्याला सासूबाईंचा नॅपकिन होता. त्या गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ताई जाळी वापरते, बाबा पाण्यात हात घालत नाहीत.

नॅपकिन ओला होता.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी ताई तिथे हजर. सगळ्यात खालचा कप्पा. रंगांच्या बाटल्या बाजूला केल्या. दोन ते सहा, सगळ्या जशाच्या तशा. एक नंबरची बाटली तिने उजेडात धरली. टेप होती तशी. वर तिच्याच अक्षरात तारीख. फॉर्मॅलिन काठोकाठ, स्वच्छ.

आत काही नव्हतं.

तिने रात्री भावोजींना सगळं सांगितलं. अगदी पहिल्या दिवसापासून. भावोजी दमलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू बाटलीत ठेवायलाच विसरली असशील. आणि वाकड्या पराचा मासा काय जगात एकच असतो? बाबांनीच कुणाकडून तरी मागवला असेल."

"बाबा खाली उतरत नाहीत. आणि बाटलीला टेप होती."

"अगं, बाबा जेवतायत ना? मग तू कशाला खोलात शिरतेस?"

भावोजींचं हे नेहमीचंच. लिफ्टसुद्धा चालायला लागली की ती का बंद पडली होती ते बघत नाहीत, असं ताई चिडून म्हणते.

तिने एकच केलं. नवे मासे आणणं बंद केलं; थैलीतली एंजलसुद्धा दुकानात परत दिली. आजारी पडलेला मेला की काढायचा, लॅबला न्यायचा, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी यायचं.

पुढच्या वीस दिवसांत तिने आणलेल्यांपैकी आणखी दोन गेले. एक गोरामी, एक मॉली. दोन्ही संध्याकाळी टँकमध्ये अकरा होते. दोन्ही वेळा नॅपकिन ओला होता. आणि लॅबमध्ये दोन नंबरची आणि तीन नंबरची बाटली...

तिने उघडूनसुद्धा बघितलं नाही. बाहेरूनच कळत होतं.

परत आलेले ते तीन मासे छान दिसायचे. रंग तजेलदार. खाणं टाकलं की वर यायचे, खायचे. बाकीचे आठ मात्र त्यांच्याजवळ जात नसत. टँकच्या उजव्या भागात दाटीवाटीने राहायचे.

एका रविवारी ताई लंगडीसमोर बसून राहिली. सवयीने, मायक्रोस्कोपला बसते तशी. दहा मिनिटं झाली. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग तिने शेजारच्या दुसऱ्या एंजलकडे बघितलं आणि पुन्हा लंगडीकडे.

दुसरीचे कल्ले उघडत होते, मिटत होते. उघडत होते, मिटत होते.

लंगडीचे... हलतच नव्हते.

त्याच आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, हजेरी झाल्यावर बाबांनी ताईला हाक मारली. शेजारी बसवून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"काय बाबा?"

"तू मासे बदलतेस ते मला माहीत आहे. पहिल्यापासून."

ताई झटकन त्यांच्या चष्म्याकडे बघायला लागली.

"डोळे अधू झालेत, आंधळा नाही झालो अजून. तुझ्या सासूची लंगडी मी ओळखणार नाही? हॉस्पिटलातून आलो त्याच दिवशी कळलं, पोरीने दुसरी आणून सोडलीये म्हणून. पण तू दाराआडून बघत होतीस. चेहरा एवढासा झाला होता तुझा. म्हटलं, ही एवढी धडपडतेय माझ्यासाठी. मग म्हटलं, अकरा तर अकरा."

ताई रडायला लागली. अडीच महिने जे ओझं एकटीने वाहिलं, ते या माणसाला ठाऊक होतं. आणि तिच्यासाठी तोही रोज सहा वाजता उभा राहून खोटं मोजत होता. तिला इतकं हलकं वाटलं, इतकं भरून आलं, की तिने बाबांचा हात धरून ठेवला.

बाबा म्हणाले, "पण हल्ली सुधारलीस हां तू. आता आणतेस ते अगदी हुबेहूब. परवाचा गोरामी बघितला, शेपटीला तीच खाच. कुठून शोधून आणतेस?"

ताईचे डोळे पुसायचे राहिले.

"बाबा... मी वीस दिवसांत एकही मासा आणलेला नाही."

बाबांनी टँककडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुझ्या सासूला कधी काही टाकून देता यायचं नाही. फुटका कपसुद्धा जोडून ठेवायची."

ते घाबरलेले दिसत नव्हते, एवढं तिला आठवतं.

त्यानंतरचा दुसरा गुरुवार.

लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन बिघडलं, म्हणून ताईला लवकर सोडलं. साडेतीनला ती घरी पोचली. दार उघडलं. हॉलमध्ये खिडकीतून ऊन आलेलं.

एरवी या वेळी आतून बाबांचं घोरणं ऐकू यायचं. त्या दिवशी... नुसते पंपाचे बुडबुडे.

बाबा आत नव्हते. टँकसमोर खुर्चीत होते. मान एका बाजूला कललेली. चष्मा मांडीवर.

"बाबा?"

तिने हात लावला. हात गार होता. मनगट धरलं. मग मानेला बोटं लावली. मग पापणी उचलून बघितलं. ताई गेली सोळा वर्षं हॉस्पिटलांत आणि लॅबमध्ये वावरलेली बाई आहे. तिला कळतं. जबडा घट्ट व्हायला लागला होता. दोन तास तरी झाले असतील.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मग भावोजींना फोन केला. ते कुठल्याशा बाराव्या मजल्यावर होते, निघतो म्हणाले. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागेना. त्यांचा दवाखाना शेजारच्याच इमारतीत होता. ताईने बाबांची मान सरळ करून मागे उशी लावली, दार ओढून घेतलं आणि धावत खाली गेली.

डॉक्टर पेशंट सोडून तिच्याबरोबर निघाले. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. त्याहून जास्त नाही.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दोघं आले. ताई किल्ली काढत होती, आणि दाराच्या आतून...

काच सरकली. सावकाश. काचेवर काच.

डॉक्टर म्हणाले, "घरात कोण आहे?"

ताईने दार उघडलं.

बाबा टँकसमोर उभे होते. चष्मा डोळ्यांवर. हातात खाण्याची डबी.

"...दहा... अकरा. सगळे हजर." ते वळले. "अरे, डॉक्टर. या. हिने धावपळ करून आणलं वाटतं तुम्हाला? चहा टाक गं. आणि चहाच टाक, सॅम्पल नको."

डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. त्या नजरेत थोडा राग होता, थोडी कीव. "घाबरल्या असाल. झोपेत शरीर गार पडतं कधी कधी," म्हणाले. बाबांना सोफ्यावर बसवलं. स्टेथोस्कोप छातीला लावला.

ऐकलं. जागा बदलली. ऐकलं. पाठीला लावला. पुन्हा छातीला. स्टेथोस्कोप कानातून काढला, स्वतःच्या छातीला लावून बघितला आणि पुन्हा बाबांच्या छातीला लावला.

बाबा त्यांच्याकडे बघून मंद हसत होते.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "ठीक आहे... ठीक आहे." आणि चहासाठी न थांबता निघून गेले. बॅग सोफ्यावरच राहिली. ती न्यायला त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला पाठवलं. आजही ताई रस्त्यात दिसली तर ते पलीकडच्या फुटपाथवर जातात.

भावोजी अर्ध्या तासाने पोचले तेव्हा रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि बाबा टीव्ही बघत होते. भावोजींनी बाबांना मिठी मारली, मग ताईला वाट्टेल ते बोलले. ताईने सगळं ऐकून घेतलं. खिळ्याच्या नॅपकिनमधून पाणी टपटपत होतं. ते तिने पुसून घेतलं.

याला आता चार महिने झाले.

टँकमध्ये त्यानंतर एकही मासा मेला नाही.

बाबा ठणठणीत आहेत. खोकला गेला. जेवण वाढलं. घोरणंसुद्धा थांबलं, म्हणून भावोजी खूश आहेत. मला वाटलं होतं, काहीतरी वेगळं असेल. नजर, आवाज, चालणं, काहीतरी. गेल्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन दोन दिवस राहिले. काही वेगळं नाही. मला ओळखलं, माझ्या वाढलेल्या वजनावरून चिडवलं, माझ्या लहानपणीची गोष्ट सांगितली. तपशीलसुद्धा चुकला नाही. मी हसले. आणि त्या हसण्यात माझी नजर त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे जात होती... छाती वर-खाली होते का ते बघायला. पण मी दर वेळी मान वळवली.

ताई म्हणाली, "मीसुद्धा बघत नाही."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. तिने मला एक गोष्ट सांगितली, ती भावोजींना माहीत नाही.

बाबांना साखरेचा त्रास. दर महिन्याच्या एक तारखेला ताई घरीच त्यांचं रक्त काढून तपासायला नेते. त्या गुरुवारनंतर पहिली एक तारीख आली. बाबा सकाळीच आंघोळ करून, बाही वर करून खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. ताईने दंडाला रबरी पट्टा बांधला. बोटाने शीर चाचपली. सुईचं टोपण काढलं.

आणि तिने पट्टा सोडला. म्हणाली, "बाबा, आज लॅब बंद आहे. पुढच्या महिन्यात घेऊ."

बाबांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि बाही खाली केली.

पुढच्या एक तारखेला पुन्हा बाही वर. ती म्हणाली, सुया संपल्यात. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, हात दुखतोय.

"तुला काय वाटतं," मी विचारलं, "सुई टोचली तर काय निघेल?"

"मला माहीत नाही. आणि मला माहीत करून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "तुला खरं सांगू? मी खूप रडले गं त्या दिवशी खुर्चीजवळ बसून. ते गेले होते. मला ते सहन होत नव्हतं. आता ते समोर बसून चहाला नावं ठेवतात. कुणीतरी माझ्यासाठी एवढं केलंय... मी कशी मोजायला बसू?"

बाहेर हॉलमध्ये बाबा टीव्हीवरच्या कशाला तरी हसत होते.

काल रात्री ताईचा फोन आला होता. म्हणाली, उद्या एक तारीख आहे. भावोजी म्हणतायत, चार महिने झाले, रिपोर्ट कुठे आहे, उद्या मी स्वतः समोर बसून घ्यायला लावतो. तिने मला विचारलं, मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं.

मी सकाळी सांगते म्हणाले. आता सकाळचे दहा वाजलेत. मी अजून फोन केलेला नाही, आणि तिचाही आलेला नाही.